बारोलो: रंग फिका, चव तुरट, मग ती ‘भारी’ आहे हे ठरवायचं कसं?

वाईकर_तोरिनोत

खरडफळ्यावर (इथल्या गप्पांच्या पानावर) परवा ‘महागड्या रेड वाइनमध्ये महाग असतं ते काय?’ यावरून दंगा झाला. दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हा धागा. सगळ्या रेड वाइनबद्दल एकदम बोलायला गेलं की काहीच हाती लागत नाही, म्हणून एकच घेतो: बारोलो. इटलीतल्या तोरिनोहून गाडीने तास-सव्वातासावर लांगेच्या टेकड्या आहेत. तिथल्या ११ गावांच्या शिवारात पिकणाऱ्या नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षाची ही वाइन, दुसऱ्या द्राक्षाचा थेंब चालत नाही. तोडणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ महिने लाकडात. लेबलवर ‘रिझेर्वा’ लिहायचं असेल तर ६२ महिने. १९८० पासून ती डीओसीजी या इटलीतल्या सगळ्यात वरच्या दर्जात आहे. पण हे सगळं पाळूनही सुमार बारोलो निघते आणि तीही महागच विकली जाते.

बारोलो घेण्याचं खरं कारण असं की पार्ट्यांमध्ये उचललेले आपले बहुतेक ठोकताळे ती मोडते.

आधी रंग. गडद म्हणजे दमदार, असं आपण धरून चालतो. नेब्बिओलोचा ग्लास छापील कागदावर तिरका धरला तर खालची अक्षरं वाचता येतात. या द्राक्षाच्या सालीत जी रंगद्रव्यं जास्त असतात ती लवकर ऑक्सिडाइज होणारी असतात. म्हणून चार-पाच वर्षांतच कड विटकरी दिसायला लागते. कॅबर्ने या गडद द्राक्षाची चार वर्षांची बाटली अशी दिसली तर मी काळजीत पडेन, इथे पडत नाही. रंगाकडे बघायचं ते गढूळपणा नाही ना, आणि तपकिरी झाक कडेलाच आहे की पार मध्यापर्यंत पोचली आहे, एवढ्यापुरतं. काचेवरून ओघळणाऱ्या धारांकडे तर बघूच नका. त्या अल्कोहोलमुळे येतात, त्यावरून प्रत कळत नाही.

मग वास. ग्लास ट्यूलिपच्या फुलासारखा, वर निमुळता. वाइन जेमतेम ५० मिली. पहिला वास न हलवता घ्यायचा, मग फिरवून. इथे बहुतेक लोक फळांची यादी वाचायला लागतात आणि नवखा माणूस दबून जातो. माझं मत असं की ती यादी सगळ्यात शेवटी, आणि जमली नाही तरी काही बिघडत नाही. मी नाकाला तीनच गोष्टी विचारतो. वास स्वच्छ आहे का? ओला पुठ्ठा, कुबट तळघर असं काही आलं तर कॉर्क बाधलेला आहे, बाटली परत करा, पुढे चाखण्यात अर्थ नाही. वास जोरकस आहे की शोधावा लागतो? आणि अर्ध्या तासाने तो बदलला का? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. साधी वाइन पहिल्या मिनिटाला जे सांगते तेच तासाभराने सांगते. चांगली बारोलो सुरुवातीला जवळपास गप्प असते. मग सुकलेला गुलाब येतो, आंबट चेरी, नंतर ज्येष्ठमध, आणि तिचं प्रसिद्ध डांबर. हो, डांबरच. नव्या रस्त्याचं. ही शिवी नाही, इकडे ती तिची ओळख समजतात.

खरा निकाल तोंडात लागतो. मोठा घोट घ्या, चूळ भरल्यासारखा सगळीकडे फिरवा आणि थुंका. (हो, थुंका. व्यावसायिक चाखणारे थुंकतातच. पिकदाणी ही आपल्याकडची अत्यंत उपयुक्त वस्तू उगाच हद्दपार झाली.) आता लक्ष द्यायचं. जिभेच्या कडांना किती पाणी सुटलं? ती आंबटाई. ओठांच्या आतली बाजू आणि हिरड्या किती कोरड्या पडल्या? ते टॅनिन, द्राक्षाच्या साल-बियांतला तुरट पदार्थ. नेब्बिओलोत दोन्ही भरपूर असतात, त्यामुळे पहिल्यांदा पिणारा ‘हा काय तुरट काढा’ म्हणतो. कच्चं जांभूळ खाऊन जिभेला मिठी बसलेली ज्यांना आठवते त्यांना हा तुरटपणा ओळखायला शिकवणी लागत नाही.

पण तुरटपणा किती, यापेक्षा कसा, हे बघा. कच्च्या टॅनिनला धार असते, ते हिरड्यांवर एकाच ठिकाणी खरवडतं आणि मागे कडवटपणा सोडतं. पिकलेलं टॅनिन तितकंच जोरदार असूनही तोंडभर सारखं पसरतं. मग बघायचं की एवढ्या आंबट-तुरटाखाली फळाची चव जिवंत आहे का. घोटाच्या मधल्या भागात पोकळी वाटते का? थुंकल्यावर चव किती सेकंद रेंगाळते, आणि रेंगाळते ती चव आहे की नुसती अल्कोहोलची जळजळ? चांगल्या बारोलोत २०-३० सेकंदांनंतरही गुलाब-चेरी परत येते. माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त गुण याला.

आता प्रत्यक्ष. गेल्या शनिवारी मित्रांकडे दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. एक सेर्रालुंगा गावची २०१६, दुसरी ला मोर्राची २०१४. २०१६ हे इकडचं गाजलेलं साल: हंगाम लांबला, फळ सावकाश पिकलं. २०१४ चा उन्हाळा पावसात गेला. शिवाय ला मोर्रा आणि बारोलो गावाकडची निळसर चिकणमातीची मार्ल (चुनखडी मिसळलेली) जमीन मऊ, सुवासिक वाइन देते, तर सेर्रालुंगा-मोन्फोर्तेकडची जुनी, वालुकाश्म मिसळलेली जमीन जास्त कणखर. सगळ्यांनी आधी २०१४ ला मत दिलं: वास मोकळा, पिणं सोपं, २०१६ म्हणजे बंद दरवाजा. दोन तासांनी २०१४ होती तिथेच होती, गोड बोलून दमलेली. २०१६ मध्ये गुलाब, संत्र्याची साल, डांबर, लोखंडासारखं काहीतरी, आणि टॅनिन तसंच करकरीत असूनही त्यातून चेरी सरळ पुढे येत होती. अजून दहा वर्षं तरी ठेवण्यासारखी. आज प्यायची असेल तर मात्र मी २०१४ च उघडेन. ‘भारी’ आणि ‘आत्ता आवडली’ हे दोन वेगळे निकाल आहेत, ते एकाच आकड्यात बसवू नयेत.

टिवल्याबावल्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो टाका की राव.

रामशास्त्री_नव्हे

मेहनतीने लिहिलंय, पण मुळावरच शंका आहे. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. पोरांनी झाडून सगळे रेड वाइनचे शब्द वापरले. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाच्या माणसाने स्टेट फेअर या जत्रेतल्या वाइन स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली, तर सुमारे दहातल्या एकाच परीक्षकाचे तिन्ही वेळचे गुण एकाच पदकाच्या पट्ट्यात राहिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालंय. मग तुमच्या सेर्रालुंगा आणि ला मोर्राचं काय घेऊन बसलात? लेबल बघून गुलाब आला असेल.

वाईकर_तोरिनोत

शास्त्रीबुवा, दोन्ही प्रयोग मला मान्य. पण बोर्दोचा प्रयोग नीट बघा, फसले ते वासाला शब्द देताना. डोळ्याने लाल सांगितलं की मेंदू लाल फळांचे शब्द पुढे करतो. म्हणूनच मी वासाची यादी शेवटी टाकली. हिरड्या कोरड्या पडल्या की नाही, हे रंग घालून बदलणं इतकं सोपं नाही. हॉजसनच्या परीक्षकांपुढे वाइनची रांग लागलेली असते, एकेका ग्लासाला वेळ किती मिळणार? माझा सगळा मुद्दा वेळेचा आहे. दोन तास दोन ग्लास शेजारी ठेवून बघणं आणि घाईत ‘८९ गुण’ लिहून पुढे जाणं, यात फरक आहे. बाटल्या झाकलेल्या नव्हत्या, एवढं तुमचं बरोबर.

गंधवेडी

मी प्रथिनांवर काम करते, म्हणून थोडी भर आणि थोडा विरोध. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना, विशेषतः प्रोलिन या अमिनो आम्लाने भरलेल्या प्रथिनांना, चिकटतं आणि त्यांचा साका होतो. लाळेचं वंगण गेलं की जीभ-हिरड्या एकमेकांवर घासतात. म्हणून तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाच्या जास्त जवळ आहे. तुमचं ‘शब्दांपेक्षा हिरड्यांवर विश्वास’ इथवर पटतं. पण लाळ प्रत्येकाची वेगळी, कुणाला कमी सुटते, कुणाला जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला तुरटपणा साचत जातो, त्यामुळे रांगेतल्या शेवटच्या ग्लासावर अन्याय होतो. मध्ये थांबा, पाणी प्या, साधा पाव खा. म्हणजे हिरड्याही अगदी नि:पक्ष नाहीत.

वासाचंही सांगते. शिराझ या द्राक्षाच्या रेड वाइनमधला मिरीचा वास रोटंडोन या संयुगाचा, आणि सुमारे पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही. ‘मला मिरी लागली’ आणि ‘मला नाही लागली’ म्हणणारे दोघेही खरं बोलत असू शकतात. कॉर्क बाधवणारं टीसीए तर लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, आणि कुबट वास जाणवायच्या आधी ते फळाचा वास मारून टाकतं. ‘बंद’ वाटणारी बारोलो खरंच बंद आहे की किंचित बाधलेली, हे दुसरी बाटली उघडल्याशिवाय ठरवणं अवघड.

वाईकर_तोरिनोत

ताई, हा शेवटचा मुद्दा लाखमोलाचा. त्या दिवशी वास पुढे उमलत गेला म्हणून शंका राहिली नाही, बाधलेली असती तर वेळेबरोबर आणखी वाईट झाली असती.

निफाडचा_बागायतदार

आम्ही द्राक्षवाले, आमच्या बाजूने सांगतो. तुम्ही तोंडात जे कच्चं-पिकलं टॅनिन मोजताय ते आम्ही बागेत मोजतो. तोडणीच्या आधी ब्रिक्स (रसातली साखर) तर बघतोच, पण मणी चावून बी बघायची. बी हिरवी असली, दाताखाली मऊ लागली, तर टॅनिन कच्चं. तपकिरी होऊन कडकन तुटली की पिकलं. आमच्याकडे अडचण अशी की साखर लवकर चढते आणि बी मागे राहते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी, आणि फळ पिकतं ते जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन वाढत असताना. आंबटपणा झपाझप उतरतो. थांबावं तर आंबटाई जाते, तोडावं तर बी हिरवी. तुमच्याकडे उलटं असणार ना?

वाईकर_तोरिनोत

दादा, अगदी उलटं. नेब्बिओलो लवकर फुटतं आणि सगळ्यांच्या शेवटी पिकतं, बहुतेकदा ऑक्टोबरमध्ये. दिवस लहान होत जातात, रात्री गार, सकाळी दरीत धुकं. साखर हळू चढते, आंबटाई टिकते, बीला वेळ मिळतो. त्याबदल्यात गारपीट आणि शेवटच्या आठवड्यातला पाऊस यांची टांगती तलवार. २००२ मध्ये गारांनी इतकं झोडपलं की अनेकांनी त्या वर्षी बारोलो काढलीच नाही.

निफाडचा_बागायतदार

गारा म्हणू नका, आमच्याही पोटात गोळा येतो.

सुशीलावहिनी

काही म्हणा, दारूच ती. एवढं शास्त्र लावून तिला उजळमाथ्याने फिरवायचं कशाला?

टिवल्याबावल्या

वहिनी, धाग्याचं काश्मीर (न संपणारं भांडण) नको. ते थुंकतायत, वाचलं नाही का?

दिवाणखाना

ओकचं कुणी बोललंच नाही. मी प्यायलेल्या बारोलोला व्हॅनिलाचा दणदणीत वास होता, गुलाब-बिलाब काही नाही. तीही चांगल्यातलीच म्हणून भेट मिळाली होती.

वाईकर_तोरिनोत

लहान, नव्या फ्रेंच ओकच्या पिंपात, म्हणजे बारिकमध्ये, मुरवलेली असणार. यावरून इकडे वीसेक वर्षं घराघरांत भांडणं झाली. जुनी रीत अशी: साल रसात महिना-दीड महिना भिजवायची आणि वाइन क्रोएशियातल्या स्लाव्होनियाच्या ओकच्या अजस्र जुन्या पिंपांत ठेवायची. ती पिंपं हळूहळू हवा देतात, लाकडाचा वास फारसा देत नाहीत. ऐंशीच्या दशकात तरुणांनी भिजवणं काही दिवसांवर आणलं आणि बारिक आणली. वाइन लवकर पिण्याजोगी झाली, अमेरिकेत धो धो खपली. एलिओ अल्तारे या वाइन करणाऱ्याने १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपं साखळी-करवतीने कापून काढली, ही इथली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. दुसऱ्या टोकाला जुन्या रीतीचे वाइन करणारे बार्तोलो मास्कारेल्लो, त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेल्या लेबलवर ‘नो बारिक, नो बर्लुस्कोनी’ लिहिलं होतं (बर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे तेव्हाचे बडे राजकारणी)! आज बहुतेक जण मधे आले आहेत.

चाखताना एवढंच बघा: लाकूड वेगळं उठून दिसतंय का? तरुण बाटलीत थोडं चालतं, मुरेल. पण वासात व्हॅनिला, तोंडात व्हॅनिला आणि शेवटी लाकडाचाच कोरडेपणा, असं असेल तर नेब्बिओलो कशाला घ्यायची? माझी बाजू जुन्या पिंपांची आहे, हे लपवत नाही.

रस्सामंडळ

आता मुद्द्याचं. कोल्हापुरी तांबड्याबरोबर चालेल का?

वाईकर_तोरिनोत

नाही. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते, टॅनिन आणखी खरखरीत लागतं, आणि बारोलोत अल्कोहोल १३ टक्क्यांच्या खाली नसतंच, बहुतेकदा १४ च्या आसपास. रस्साही वाया, वाइनही वाया. इकडे ती वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेल्या मांसाबरोबर किंवा अंड्याच्या बलकाच्या ताजारीन शेवयांबरोबर पितात, आणि शरदात त्यावर अल्बाचं पांढरं ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी) किसतात. आपल्यातलं घ्यायचं तर कमी तिखट, तुपावर परतलेलं सुकं मटण. पाया सूप फार छान जमतं. शाकाहारी मंडळींनी लोण्यात परतलेले मशरूम किंवा जुनं, मुरलेलं चीज घ्यावं. टॅनिन प्रथिनाला धरतं हे ताईंनी सांगितलंच. ताटात प्रथिन आणि मीठ असलं की ते हिरड्यांना सोडतं.

डेक्कनचा_कोपरा

आम्हांला इथे बारोलो म्हणजे आयात शुल्क धरून खिशाला भोक. शिकायचं तर कशावर?

निफाडचा_बागायतदार

अकलूजला इटालियन भागीदारीतली फ्रातेल्ली आहे, ते सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष लावतात. त्यांची ‘सेत्ते’ सांजोवेझे आणि कॅबर्ने मिळून असते. आमच्या नाशिकचा शिराझही घ्या शेजारी.

वाईकर_तोरिनोत

सांजोवेझेची सूचना अगदी योग्य. तीही आंबट-तुरट घराण्यातली, रंगाने फारशी गडद नाही. शिराझ शेजारी ठेवली की ‘गडद’ आणि ‘तुरट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एका संध्याकाळीत कळतं. एक पथ्य: ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे पुण्यातली मे महिन्यातली खोली नव्हे. १६-१८ अंश हवेत. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून काढा. ३० अंशांवर कुठलीही रेड वाइन नुसती अल्कोहोलसारखी लागते, आणि लोक नाव द्राक्षाला ठेवतात.

डेक्कनचा_कोपरा

आणि ते अमेरिकन वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्करवाले १०० पैकी गुण?

वाईकर_तोरिनोत

त्या मापात सुरुवातच ५० पासून होते, आणि दुकानात दिसतात ते सगळे ९० च्या वरचे. विकत घेताना गावाचं नाव, साल आणि कुणी केली ते बघा, आकडा नंतर. चाखताना मी चार गोष्टी लिहितो: तोल, लांबी (चव किती रेंगाळते), जोर, गुंतागुंत. चारांपैकी तीन पक्क्या असतील तर चांगली, चारही असतील तर फार चांगली. तोल बिघडला असेल तर बाकी तीन असूनही मी तिला वर काढत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, पुढल्या महिन्यात मिलानला चाललो. विमानतळावरच्या दोन लिटरच्या करमुक्त सवलतीत दोन बाटल्या बसतेत. नागपुरात दहा वर्षं ठेवू का?

वाईकर_तोरिनोत

कपाटात तर मुळीच नको. नागपूरच्या उन्हाळ्यात कॉर्क वर सरकेल आणि वाइन शिजेल, उकडलेल्या मनुकांचा वास येईल. वाइनचं वेगळं फ्रिज असेल तरच ठेवा. नसेल तर मुरायला वेळ लागणारी सेर्रालुंगा घेऊच नका, ला मोर्राची थोडी जुनी बाटली घ्या आणि पहिल्याच थंडीत उघडा. एका दिवशी संपवू नका. पाऊण बाटली प्या, बाकीची कॉर्क लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. सुमार असेल तर दुसऱ्या दिवशी सपाट होते. चांगली असेल तर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच खुलते.

निफाडचा_बागायतदार

डिसेंबरात आमच्या बागेवर कट्टा करू या. वऱ्हाडीभाऊ एक बारोलो आणतील, सांजोवेझे आणि शिराझ माझ्याकडे. पाया सूप घरचं.

गंधवेडी

मी येते. एका बाटलीतली वाइन दोन ग्लासांत दोनदा द्या, कुणाला न सांगता. म्हणजे हिरड्यांचीही परीक्षा होईल.

रामशास्त्री_नव्हे

मग मीही येतो. बाटल्यांना कागद मात्र मी गुंडाळणार.